बटर पेपरवरचा हात

त्या गुरुवारी डॉक्टरांनी माझ्या कोपरावर बटर पेपर ठेवला, पेन्सिल फिरवली, कागद उचलून आधीच्या कागदावर धरला आणि विचारलं, "दुसरं काही घेत नाही ना तुम्ही?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी ते वहीत लिहिलं. मी गोळ्यांची बाटली घेऊन जिना उतरलो.

डॉक्टर होमिओपॅथ होते. शहागंजात टॉवरच्या घड्याळाकडून आत जाणाऱ्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. खालून दिवसभर पातेली एकमेकांवर आदळल्याचा आवाज यायचा. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली, जिथं इतर डॉक्टर वेळ लिहितात तिथं, लिहिलं होतं : घाईच्या लोकांनी दुसरीकडे जावे. बरेच जण जातही. जे राहत ते मग वर्षानुवर्षं राहत.

मला सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे आणि डोक्यात लाल चट्टे, त्यांच्यावर पांढरा कोंडा. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या रजिस्टरचं कव्हर काळं होतं. त्यावर कोंडा पडायचा आणि कोणी पाहायच्या आत मी तो रुमालानं पुसायचो. मी पुस्तक पुढं केलं की मुलं ते दुसऱ्या टोकाला धरून घ्यायची. ती मुलं वाईट नव्हती. त्यांच्या जागी असतो तर मीही तसंच धरलं असतं.

पहिल्या दिवशी मी बाही वर करायला लागलो तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. कातडी कुठं पळून चालली? आधी तुम्ही तुमचं सांगा." आणि दीड तास प्रश्न विचारत राहिले. उशी एक लागते की दोन? जेवताना पाणी पिता की नंतर? कोणी न सांगता तुमच्या वस्तू हलवल्या तर काय करता? रडू आलं तर जवळ कोणी असावं वाटतं की नसावं? या शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसलो. त्यांनी वाट पाहिली आणि वहीत लिहिलं, 'उत्तर दिले नाही'. माणूस जे बोलत नाही तेही ते लिहून ठेवत. बिडकीनच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले होते. अक्षर गोल, मराठी, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेली. जिभेवर मात्र मराठी आणि दखनी एकाच ताटात वाढलेली असायची.

मग त्यांनी स्वतः माझी बाही वर केली आणि चट्ट्यावर तळहात ठेवला. हातमोजा नाही, कापूस नाही. नुसता हात. आई गेल्यापासून त्या जागी कोणी हात ठेवला नव्हता. बायकोनं ठेवला असेल तो मलम लावायला. डॉक्टरांनी काहीच लावलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "गरम आहे," आणि हात काढून घेतला. पुढं जे झालं त्याचं मूळ मला त्या हातात दिसतं.

मग बटर पेपर आला. मिठाईवाले वापरतात तो. चट्ट्यावर कागद ठेवून ते कडेकडेनं पेन्सिल फिरवत. दर महिन्याला नवा कागद. जुना आणि नवा एकावर एक ठेवून खिडकीकडं धरायचे, म्हणजे चट्टा वाढला की आक्रसला ते दिसे. माझ्या डाव्या कोपरावरच्या चट्ट्याचं नाव त्यांनी जायकवाडी ठेवलं होतं, कारण तो नकाशातल्या धरणाच्या पाण्यासारखा लांबट पसरलेला होता. गुडघ्यावरचे दोन बारके चट्टे म्हणजे पाझर तलाव. चट्टा आक्रसला की म्हणायचे, "पाणी उतरलं." वाढला की नुसती मान हलवायचे.

आणि ज्यांचे सांधे दुखत, त्यांचा हातही काढत. लहान मुलं वहीवर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात, तसा. बोट सुजलं की कागदावर ते जाड उमटायचं. एक्स-रे ते वाचत, पण त्यांचा विश्वास या कागदावर होता. "फोटोत हाड दिसतं," म्हणायचे. "यात हात दिसतो."

ते सगळ्यांना अहोजाहो करायचे. दहा वर्षांच्या मुलीलाही. ती लाजून आईच्या पदरात तोंड लपवायची. एकदा माझ्या आधी एक बाई बसल्या होत्या, बिडकीनकडच्याच.

"डाक्टरसायेब, लई खाजतंय. आधी त्येचं बघा."

"बघतो आई. आधी हे सांगा, राग आला की तुम्ही काय करता?"

"भांडी घासते."

"आणि भांडी घासून झाली असतील तर?"

"परत घासते. तुमच्या खालच्या दुकानातली आणून द्या, ती बी घासते."

"एवढा राग कोणाचा?"

"नाव सांगून काय करता? त्यो भाईर बसलाय, पिशवी धरून."

बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेला नवरा भिंतीकडं पाहायला लागला. डॉक्टर हसले नाहीत. सगळं शब्दाला शब्द लिहून घेतलं.

दुसऱ्या एकदा बजाजनगरचा एक तरुण कामगार आला. त्याच्या हातांवर चट्टे होते. म्हणाला, "सर, कंपनीत लाईनीवर माझ्या डब्याला कोणी हात लावत नाही." डॉक्टरांनी विचारलं, आज डब्यात काय आहे? मेथी आणि भाकरी. "काढा." त्याच्या समोर बसून त्याच्याच हातून घेऊन अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे. घरी सांगा." उरलेली अर्धी त्या मुलानं तिथंच बसून खाल्ली.

कॉफी, कापूर आणि कच्चा कांदा त्यांच्याकडं बंद. औषधाचा असर मोडतो म्हणायचे. दारातच वास घ्यायचे. "कॉफी?" "नाय साहेब." "हौ का? मग कॉफी तुम्हाला पिऊन आली वाटतं." आणि माणूस कबूल व्हायचा. त्या नाकाची आम्हाला सगळ्यांना धास्ती होती.

स्वतः ते भर मे महिन्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालायचे, मनगटाची बटणं लावून. डोक्यावर सतत टोपी. आणि हाताची दहाही नखं मेंदीनं रंगवलेली. गल्लीतले दुकानदार चेष्टा करायचे, "काय डॉक्टरसाब, नवी वरात कधी?" ते म्हणायचे, "घोडा मिळाला की." मला वाटायचं, हौस असते एकेकाची.

त्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच औषध. साखरेची, रक्तदाबाची गोळी त्यांनी कोणाची कधी थांबवली नाही. पण चट्टे आणि सांधे यांच्यासाठी दुसरीकडचं काही चालू असेल तर ते आधी सांगायचं. "दोघांनी मिळून विहीर खणली तर पाणी कोणाच्या कुदळीला लागलं, हे कसं कळणार? मला फुकटचं नाव नको." म्हणून ते दर वेळी, दर माणसाला, तो एक प्रश्न विचारायचे.

डॉक्टर फसवे नव्हते. हे लिहून ठेवतो, कारण त्यांच्या विद्येबद्दल लोक जे बोलतात ते मला माहीत आहे, आणि आज मी स्वतःही त्यातलं बरंचसं बोलेन. चट्टे त्यांच्या गोळ्यांनी जातात असं आता मला वाटत नाही. माझे उन्हाळ्यात कमी व्हायचे, थंडीत परत यायचे. त्यांनाही ते कागदांवर दिसत होतं. पण ते जे पाहत तेच लिहीत. माझी बोटं दुखायला लागली तेव्हाही त्यांनी ते लिहिलं. सकाळी नळ फिरवता येईना. वरच्या फळीवरचा शब्दकोश ओढून काढता येईना. उजव्या हाताचं एक बोट तर गाजरासारखं फुगलं. सव्वा वर्ष त्यांनी औषधं बदलून पाहिली, जाड भिंगातून जुनी पुस्तकं वाचली, आणि दर महिन्याला माझा हात कागदावर आधीपेक्षा जाड उमटला. शेवटी म्हणाले, "हात ऐकत नाही आपलं." त्या दिवशी त्यांनी फी घेतली नाही.

बायको मला हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावून सांगितलं की चट्ट्यांचाच आजार सांध्यांत उतरला आहे आणि तो हाड खातो आहे. "अजून वर्षभर थांबला असतात तर बोट वाकलं असतं. एकदा वाकलं की ते परत सरळ होत नाही. आजार थांबतो, बोट तसंच राहतं." आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. दर महिन्याला रक्त तपासायचं. मी रविवारी जेवणानंतर ती घ्यायला लागलो. तीन महिन्यांत बोटाची सूज उतरली. मूठ मिटायला लागली.

त्या तीन महिन्यांत मी डॉक्टरांकडं गेलोच नव्हतो. हे सांगायलाच त्या गुरुवारी गेलो. जिन्यावर वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण डॉक्टरांनी आधी कागद काढला. दोन्ही कागद खिडकीकडं धरले, खाली घेतले, पुन्हा धरले. मग माझा पंजा काढला, तोही जुन्यावर ठेवला. "ग्रंथपाल," ते म्हणाले, "जायकवाडीचा तळ दिसायला लागला." त्यांचे डोळे भरले होते. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

कॉफीचा वास त्यांना दारातून यायचा. त्या गोळीला वास नव्हता.

दुसऱ्यांदा नाही म्हणणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी प्रश्न पुरा करायच्या आधीच मी मान हलवली. पाचव्या महिन्यात त्यांनी वहीत 'बरा' असं लिहिलं आणि आतल्या दाराशी जाऊन त्यांच्या पत्नीला, भाभींना, हाक मारली. घर मागच्या बाजूलाच होतं. भाभी दोन कप घेऊन आल्या. कॉफी होती. "प्या," डॉक्टर म्हणाले. "बरे झालात तुम्ही. आता तुम्हाला चालते." मी प्यालो. स्वतः त्यांनीही घेतली. चाळीस वर्षांत त्या खोलीत प्यायलेली ती पहिली कॉफी असेल. माझी केस त्यांनी वेगळ्या कागदांवर पुन्हा उतरवून काढली आणि त्यांच्यासारखेच चार-पाच जुने डॉक्टर जमत तिथं वाचून दाखवली. येऊन मला म्हणाले, "कोणी काही बोललं नाही. नुसते कागद हातात घेऊन बघत बसले."

मी कमी जायला लागलो. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला जाईल? दोन-तीन महिन्यांतून एकदा, भेटायला म्हणून.

दीडेक वर्षानं असाच गेलो असताना त्यांनी एक बाटली माझ्यापुढं केली. "जरा बूच काढा." मी काढलं. पुढच्या वेळी पाहिलं, ते पेन तर्जनी आणि मधल्या बोटात अडकवून लिहीत होते. गोल अक्षर तुटायला लागलं होतं. मनगटाची बटणं उघडी होती. मी वयावर ढकललं. माणसाला जे पाहायचं नसतं ते तो वयावर ढकलतो.

मग एका गुरुवारी ते नमाजला गेले होते आणि भाभी चहा घेऊन आल्या. कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमचं ऐकतात ते. तुम्हीच सांगा आता. हाताचं काय झालं बघता ना?"

"काय झालंय भाभी?"

"तुम्हाला जे होतं तेच. लई वर्षांचं आहे. बाही खाली करून फिरतात, नखं रंगवतात, त्यावरचे खड्डे लोकांना दिसू नाय म्हणून. हॉस्पिटलची गोळी घ्यायचे ना चुपचाप. मी तिला जुम्म्याची गोळी म्हणायचे. दर जुम्म्याला एक. सात वर्षं घेतली, हात चांगला होता. तुमचा हात उतरला अन् बंद केली. म्हणले, ग्रंथपालसाब का हाथ देखो, अब मैं काइकू खाऊँ? आता स्वतःचंच औषध घेतात. तुम्हाला लागू पडलं, यांना का पडंना?"

खाली कोणीतरी परातींची चळत उचलत होतं. भाभी माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दोष नव्हता, विनवणी होती. मी म्हणालो, "सांगतो."

आणि पाच गुरुवार सांगितलं नाही. तेवढ्या दिवसांत एखाद्या बोटाचं किती बिघडतं हे मी नंतर हॉस्पिटलात विचारलं. नेमकं सांगता येत नाही, म्हणाले.

सहाव्या गुरुवारी सांगितलं. पेशंट संपले होते. मी बसून, त्यांच्याकडं न बघता, पहिल्या रविवारपासून सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले, जसे ते कोणाचंही ऐकत. मग त्यांनी विचारलं, "तू सांगितलं का नाही?"

ते मला एकेरीत बोलले ते त्या एकाच वेळी.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "दोन-चार दिवस."

"कातडीचं मला माहीत आहे," ते म्हणाले. "ऋतूनं येतं, ऋतूनं जातं. पण माझ्या गोळ्यांनी सांधे उतरलेले मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. तुमचे पाहिले. मला वाटलं, एक तरी. एक तरी हात असा आहे." त्यांनी आपले हात टेबलावर ठेवले. ते सपाट टेकत नव्हते.

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"अर्धी. मी तरी तुम्हाला कुठं सांगितलं होतं माझं? रोज दुसऱ्याच्या कातडीला हात लावणारा माणूस, अन् स्वतःची झाकून बसलेला. नखं रंगवून!" ते हसले, पण ते हसू लगेच विरलं.

मग त्यांनी कपाटातून माझी वही काढायला सांगितली. "लिहा. माझ्याच्यानं होत नाही." मी लिहिलं : अमुक महिन्यापासून हॉस्पिटलची गोळी चालू. मात्रा. वार रविवार. "पुढं लिहा, रोग्याने सांगितले नाही." मी लिहिलं. "आता ते 'बरा' खोडा. पूर्ण खोडू नका, एक रेघ मारा. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. उद्या कोणी वाचलं तर फसायला नको." मी एक रेघ मारली.

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "थांबा. माझा काढा." बटर पेपर पुढं सरकवला. त्यांनी आपला हात कधीच काढला नव्हता. मी पेन्सिल फिरवायला लागलो. कागदाला फक्त मनगट, तळव्याची कड आणि बोटांची टोकं लागत होती. मधला भाग वर उचललेला. तिथून पेन्सिल बोटांच्या खाली शिरायची आणि रेघ चुकायची. "चुकू द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्यांनी गोळी परत सुरू केली. काही महिन्यांनी दुखणं थांबलं. बोटं राहिली तशीच.

त्यानंतर कोणी सांधे दुखतात म्हणून आलं की ते आधी चिठ्ठी द्यायचे : हॉस्पिटलात दाखवा, एक्स-रे काढा, देतील ती गोळी घ्या. "मग माझ्याकडं काय करू?" असं बिडकीनच्या त्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बोलायला या. आणि भांडी आणा, घासू." बाई म्हणाल्या, "तुमच्या हातानं? नाय सायेब, तुम्ही बसा, मी घासते." दोघंही हसले. लोक येत राहिले, थोडे कमी. त्यांनी नखं रंगवणं सोडलं आणि बाह्या वर करून बसायला लागले. कोपरावर त्यांच्याही एक चट्टा होता. गुरुवारी कॉलेज सुटलं की मी जायचो आणि ते सांगतील ते वह्यांत लिहायचो. त्यांचं अक्षर मी जमेल तसं गिरवलं, दोन ओळींमध्ये जागा सोडून. ते मला पुन्हा तो प्रश्न कधी विचारत नसत. मीच जाता जाता सांगायचो, "रविवारची घेतली." ते म्हणायचे, "जुम्म्याची पण."

मागच्या थंडीत ते गेले. सकाळी दवाखाना उघडून खुर्चीत बसले होते. हृदय थांबलं. माझ्या खोट्यानं ते गेले असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मी बोटांबद्दल बोलतो आहे.

दफन झालं तेव्हा सगळ्यांबरोबर मीही पुढं झालो. प्रत्येकानं तीन मुठी माती द्यायची असते. मी वाकलो, माती उचलली. माझी मूठ पूर्ण मिटली. तिन्ही वेळा.

त्या खोलीत आता मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे. भाभी मुलीकडं राहायला गेल्या. जाताना त्यांनी माझी वही आणि कागदांचा गठ्ठा मला दिला. पेशंटचे कागद त्यांनी ज्याचे त्याला पोचवले, बिडकीनलासुद्धा. माझ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर त्यांचा हात होता, रेघा चुकलेला.

मी दर रविवारी गोळी घेतो. माझी बोटं सरळ आहेत.